वर्कशॉपमध्ये शहाण्यासारखी वागणारी गाडी

"मॅडम, परत मेली," तेजल परब फोनवर म्हणाली.

आवाजात राग नव्हता. रागाचा टप्पा तिने मागच्याच वेळी ओलांडला होता. मी घाटकोपरला घरी चहाचा कप तोंडाला लावत होते, तो तसाच ओट्यावर ठेवला. कोण मेली हे विचारायची गरज नव्हती. तिची गाडी. नवीकोरी, पांढरी, मागच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून न काढलेली.

मी कांजूरमार्गला एका कार डीलरच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस मॅनेजर आहे. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल. पहिली काही वर्षं ग्रीसमध्ये हात घातले, आता टेबलामागे बसते. मेकॅनिक गाड्या दुरुस्त करतात आणि मी गिऱ्हाइकं दुरुस्त करते, असं आमचे जीएम म्हणतात. जीएम म्हणजे वर्कशॉपचे सगळ्यात वरचे साहेब. त्यांना हा विनोद फार आवडतो. मला टेबलामागे बसवत नाही. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे, आणि ते खरं आहे. एखाद्या गाडीचा दोष सापडला नाही की मला जेवण जात नाही, आणि घरच्यांनाही मी नीट जेवू देत नाही.

तेजलच्या गाडीने गेले कित्येक आठवडे हेच चालवलं होतं.

तेजल फिजिओथेरपिस्ट आहे. मुलुंड पूर्वेला आईवडिलांबरोबर राहते. हॉस्पिटलातली नोकरी सोडून तिने घरोघरी जाऊन पेशंट बघायला सुरुवात केली होती. पॅरालिसिस झालेले, गुडघे बदललेले, ज्यांना स्वतःच्या बिल्डिंगचा जिना परदेशासारखा वाटतो असे. मुलुंड, भांडुप, पवई असा तिचा रोजचा फेरा. बरोबर एक मशीन, रबरी पट्टे आणि एक भलामोठा व्यायामाचा चेंडू. तो चेंडू घेऊन रिक्षात बसून बघा एकदा. म्हणून तिने गाडी घेतली. घरातली पहिली गाडी, आणि तीही मुलीने घेतलेली.

तीन महिने व्हायच्या आत ती गाडी चौथ्यांदा मेली होती. सकाळी तेजल खाली यायची आणि बॅटरी ठार. दिवा नाही, आवाज नाही, दारसुद्धा उघडायचं नाही.

इथे एक गोष्ट सांगते. आजकालच्या बऱ्याच गाड्यांना खुपसून फिरवायची चावी नसते. एक छोटी डबी असते, तिला स्मार्ट की म्हणतात. ती पर्समध्ये असली तरी गाडी तिला ओळखते. हँडलवरचं बटण दाबलं की दार उघडतं, ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबलं की इंजिन सुरू. अशा दोन डब्या, म्हणजे दोन चाव्या, गाडीबरोबर मिळतात. मात्र बॅटरीच मेली तर त्या डबीला कोणी ओळखत नाही. मग डबीतून छोटी लोखंडी चावी काढायची, दार उघडायचं, कोणाला तरी बोलवायचं, त्याच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू करायची. तोवर पवईचा पेशंट खुर्चीत बसून दाराकडे बघत असतो.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा आम्ही बॅटरी बदलून दिली. नव्या गाडीत कधीकधी बॅटरीच कमजोर निघते. दुसऱ्यांदा अल्टरनेटर तपासला. गाडी चालताना बॅटरी चार्ज करणारा तो भाग. तो ठणठणीत होता. सॉफ्टवेअर अपडेट केलं, कारण काही सुचलं नाही की आम्ही सॉफ्टवेअर अपडेट करतो. तिसऱ्यांदा गाडी आठवडाभर ठेवून घेतली. रोज सकाळी मी स्वतः जाऊन बटण दाबायचे आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू व्हायची. शाळेत शहाणं आणि घरी धिंगाणा घालणारं पोर असतं ना, तशी. शेवटी कंपनीच्या एरिया इंजिनिअरने फोनवरूनच निकाल दिला, एनपीएफ. नो प्रॉब्लेम फाउंड. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात सोयीचं वाक्य आहे.

तिची आणखी एक बारीक तक्रार होती. हँडलचं बटण दाबून लॉक करायला गेलं की गाडी कधीकधी नुसतीच बीप बीप करते, लॉक होत नाही, मग त्या डबीवरच्या रिमोटच्या बटणाने करावं लागतं. आमच्याकडे करून बघितलं तर झकास लॉक झाली. त्या तक्रारीपुढे आम्ही 'ओके' लिहून मोकळे झालो.

आणि आता शुक्रवारी सकाळी हा फोन.

"आमची मुलं आज येऊन चालू करून देतील," मी म्हणाले. "मग गाडी वर्कशॉपला घेऊन ये."

"नाही आणणार. तुमच्याकडे ती काही करतच नाही." मग म्हणाली, "मॅडम, बाबांनी गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी येतंय गाडी बघायला."

"विकतेस?"

"बाबा म्हणतात, गाडी लाभाची नाही. पहिल्या दिवसापासून अपशकुन. पवईचे काका पहिल्यांदा काठी सोडून चार पावलं चालले होते, मला दोनदा उशीर झाला, त्यांच्या मुलाने दुसरी फिजिओ लावली. अशी अजून दोन घरं गेली तर मी घरोघरी काय फिरणार? हॉस्पिटलवाले परत घेतायत. हो म्हणून टाकते."

मी तिला म्हटलं, रविवारपर्यंत थांब. ती म्हणाली, थांबण्याशिवाय माझ्या हातात दुसरं काय आहे.

वर्कशॉपला पोचले तेव्हा वारा फिरलेला होता आणि कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडचा वास थेट रिसेप्शनपर्यंत आला होता. अशा दिवशी सगळेच चिडचिडे असतात. जीएमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मुलगी रोज छोट्या छोट्या फेऱ्या मारते, बॅटरी चार्ज व्हायला वेळच मिळत नाही. 'शॉर्ट ट्रिप्स' लिही आणि केस क्लोज कर.

"सर, मुलुंड ते पवई शॉर्ट ट्रिप नाही. एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर मुळीच नाही."

"मग तू काय लिहिणार?"

"काहीच नाही. मी तिच्या घरी जाते."

"सर्व्हिस मॅनेजर कस्टमरच्या घरी जाणार? उद्या सगळे बोलावतील."

"बोलावू देत."

जीएमनी हात झटकला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो, जा, पण मी सांगितलं असं सांगू नकोस.

दिवसभर मी टेबलाशी बसले नाही. बेमधून येरझाऱ्या घालत होते. बे म्हणजे जिथे एकेक गाडी उभी करून काम करतात ती जागा. डोक्यात एकच प्रश्न. गाडी तीच, बॅटरी तीच. घरी मरते आणि इथे जगते. मग घरी असं काय आहे जे इथे नाही? बिल्डिंगवर मोबाइलचा टॉवर आहे का, हेही मी तेजलला फोन करून विचारलं. नव्हता. कोणी गाडी धुणारा रात्री दार उघडं ठेवतो का? नाही. उंदीर? वायरी आम्ही तपासल्या होत्या, एकीलाही दात लागलेला नव्हता. मी इतके फोन केले की शेवटी तिने उचलणं बंद केलं. संध्याकाळी फक्त मेसेज केला, की गाडी लावून टाक, उद्या सकाळी मी येईपर्यंत तिला हात लावू नकोस. काही काढू नकोस, काही ठेवू नकोस.

शनिवारी सकाळी एक चार्ज केलेली बॅटरी आणि क्लॅम्प मीटर घेऊन मी मुलुंडला पोचले. क्लॅम्प मीटर म्हणजे चिमट्यासारखं यंत्र, बॅटरीच्या वायरीभोवती धरलं की किती करंट वाहतोय ते कळतं. गाडी बिल्डिंगच्या खालीच, खांबांमधल्या पार्किंगमध्ये होती. बॅटरी अर्धमेली होती, अजून पूर्ण गेली नव्हती. तेजलने खाली येऊन बॉनेट उघडून दिलं, मी आणलेली बॅटरी बसवली, मग तिने रिमोटने गाडी लॉक केली आणि मी सांगितल्याप्रमाणे आपली चावी घेऊन वर गेली. चौथ्या मजल्यावर. या टेस्टमध्ये चावी गाडीपासून लांब लागते.

टेस्ट सोपी आहे. गाडी लॉक केली की तिच्यातले छोटे छोटे कम्प्युटर एकेक करून झोपी जातात. सगळे झोपले की मीटरवरचा आकडा अगदी खाली येतो. एखादा जागा राहिला तर आकडा वर अडकून बसतो आणि तो जागा राहिलेला रात्रभर बॅटरी खातो. वर्कशॉपमध्ये आकडा दर वेळी शहाण्यासारखा खाली आला होता.

इथे आला नाही.

मी वाट बघितली. आकडा थोडा उतरायचा, परत चढायचा. कोणीतरी आत कूस बदलत असल्यासारखं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. इतक्या दिवसांनी गाडी माझ्यासमोर खोडी काढत होती. मी एकेक फ्यूज काढून बघायला लागले. कोणता कम्प्युटर जागा आहे हे असंच शोधतात. स्मार्ट कीच्या कम्प्युटरचा फ्यूज काढला आणि आकडा धपकन खाली. परत घातला, आकडा वर.

म्हणजे चावी ओळखणारा कम्प्युटर जागा होता. पण तो जागा का? मला आधी वाटलं, कम्प्युटरच बिघडला. तो मागवायचा म्हणजे कंपनीची परवानगी, मग पार्ट यायची वाट. रविवार तर उद्याच होता. मी वैतागून दाराला टेकले आणि माझा हात हँडलच्या बटणावर पडला. खट्.

दार उघडलं.

चावी चौथ्या मजल्यावर आणि दार उघडलं. मी आत बसले, ब्रेक दाबला, स्टार्टचं बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. बिल्डिंगचा वॉचमन शांतपणे बघत होता. मी गिअर टाकून गेटबाहेर गेले असते तरी त्याने बहुधा सलामच केला असता. मी इंजिन बंद केलं आणि तेजलला फोन लावला.

"तुझी दुसरी चावी कुठे आहे?"

"गावाला."

"गावाला कुठे?"

"कुडाळजवळ. देवळात. बाबा घेऊन गेले होते. का?"

मी म्हटलं, तू खाली ये, आणि बाबांनाही आण.

ती ओल्या केसांनीच आली. मागून परबकाका. वय सत्तरीच्या घरातलं, अंग काटक, पांढरा लेंगा. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका मोठ्या सोसायटीत पंप ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलं होतं, हे मला तेजलने आधी कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, उघड्या बॉनेटकडे बघितलं आणि मग डिकीकडे बघून नजर फिरवली. त्या एका नजरेने माझं काम झालं.

"काका, दुसरी चावी गावाला आहे?"

तेजल म्हणाली, सांगा ना बाबा.

"गावाक गेल्ली," काका म्हणाले. "मगे परत इली."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यांच्याकडे नवी गाडी घेतली की ती गावी न्यायची, देवासमोर उभी करायची आणि गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सरळ आपल्या भाषेत बोलणं. हे असं असं आहे, तू सांभाळ, असं. तेजलला पेशंट सोडून गावी जाणं जमेना. मग काकांनी एक तोड काढली. गाडी नेता येत नाही तर गाडीची चावी न्यावी. कपाटातली दुसरी चावी खिशात घालून ते एकटेच गावी गेले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, नारळ, तांदूळ आणि ती चावी लाल कापडात घट्ट बांधली आणि सांगितलं, ही राखण, गाडीत ठेव. पण तेजलने शोरूममध्येच बजावलं होतं की माझ्या गाडीत लिंबू-मिरच्या, बाहुल्या असलं काही लटकवायचं नाही, मी पेशंटच्या दारात जाते. म्हणून काकांनी ती गाठ डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खळग्यात, जॅकच्या शेजारी ठेवून दिली. तिला कळू न देता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण इतकी तंतोतंत खरी झालेली मी पहिल्यांदाच बघत होते.

आता सगळं उलगडलं. चावी गाडीतच होती. गाडी रात्रभर तिला हाक मारायची, चावी ओ द्यायची, कम्प्युटर जागा राहायचा. नारळ गोल. स्पीडब्रेकरवर गाठ इकडची तिकडे सरकायची. लोखंडाच्या आड गेली की हाक पोचायची नाही, त्या रात्री बॅटरी वाचायची. लॉक करताना ती बीप बीप म्हणजे गाडी बिचारी ओरडून सांगत होती, चावी आत राहिलीय, चावी आत राहिलीय. आम्ही त्यापुढे 'ओके' लिहिलं होतं.

आणि वर्कशॉपमध्ये गाडी शहाणी का? कारण आम्ही. आमच्याकडे गाडी आली की पहिलं काम, आतलं सगळं सामान बाहेर काढायचं. चोरीचा आळ नको म्हणून. ते पिशवीत भरून रिसेप्शनमागच्या कपाटात ठेवतात, गाडी जाताना जिथल्या तिथे परत लावतात. त्यात एक न लिहिलेला नियम आहे. देवाचं सामान उघडायचं नाही. मुंबईच्या गाड्यांमध्ये काय काय निघतं, काळी बाहुली, घोड्याची नाल, मक्केच्या पाण्याचा छोटा कॅन, माउंट मेरीची मेणबत्ती, आमच्या लोकांच्या गाडीत निळी पताका. सगळ्याला आमची मुलं सारख्याच जपणुकीने हात लावतात. परबांची लाल गाठही त्यांनी दर वेळी अदबीने उचलली, कपाटात ठेवली आणि अदबीने परत खळग्यात ठेवली. म्हणजे दर वेळी आम्ही रोग काढून बाजूला ठेवत होतो, पेशंट तपासत होतो, निरोगी म्हणून सर्टिफिकेट देत होतो आणि घरी पाठवताना रोग परत आत घालत होतो.

तेजलचा चेहरा लाल झाला होता.

"मी वेड्यासारखी सगळ्यांच्या हातापाया पडतेय. पेशंट गेले माझे. आणि चावी तुम्ही डिकीत घातलीत? वर तुम्हीच म्हणता गाडी लाभाची नाही?"

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "माका काय म्हायत, चावी जागी ऱ्हवता म्हणान?"

आमच्या सेल्सवाल्यांनी गाडी देताना पेढा दिला, फोटो काढला, पण ही गोष्ट सांगितली नव्हती.

मी डिकी उघडली, तळाचा पुठ्ठा उचलला. गाठ तिथेच होती. मी हात पुढे केला तर काका मध्ये आले.

"ती गाठ सोडूची नाय. देवाची आसा."

"काका, फक्त चावी काढायचीय. नारळ राहू दे."

"गुरवान बांधलेली. तेनाच सोडूक व्हयी."

तेजल म्हणाली, मग विकाच गाडी, गाठीसकट. आणि ती जिन्याकडे वळली. दोष सापडला होता, हातभर अंतरावर होता आणि गाडी तरीही हातातून चालली होती. आमच्या घरात देव्हारा नाही. मी त्या वातावरणात वाढलेली नाही. माझ्या स्वभावाप्रमाणे मी कात्री मागितली असती. पण काकांनी गाठीवर हात धरला होता आणि ते माझ्याकडे नाही, जिन्याकडे जाणाऱ्या तेजलकडे बघत होते. हा माणूस हट्टाने अडवत नव्हता, घाबरला होता. ही राखण सुटली आणि उद्या पोरीला रस्त्यात काही झालं तर, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"काका," मी म्हणाले, "देवाला सांगून सोडली तर चालेल का?"

"सांगूक व्हया, ता खरा. पण गुरव नाय हय."

"तुम्ही सांगा ना. मुलगी तुमची आहे. तुमचं ऐकणार नाही का तो?"

काकांनी चपला काढल्या. गाठ दोन्ही हातांत घेतली आणि गाडीसमोर, त्या उघड्या बॉनेटसमोर उभे राहिले. तेजल जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. त्या बिल्डिंगमध्ये अर्धी बिऱ्हाडं कोकणातली. सकाळचं चालून परत येणारे दोन शेजारी थबकले. काय चाललंय, हे त्यांनी विचारलंच नाही. चपला काढून ते काकांच्या मागे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," काका म्हणाले, "माझ्या चेडवाच्या गाडयेक राखण म्हणान तुझ्याकडसून ही गाठ हाडली."

"व्हय म्हाराजा," शेजारी म्हणाले. चेडू म्हणजे मुलगी, आणि गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला असा होकार द्यायचा असतो.

"ती आज सोडतंय. चावी तेवढी काढून घेतंय. नारळ तुझो, तांदूळ तुझे, राखण तुझीच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा."

"ह्या गाडयेक मी नाय नाय ता बोललंय. गाडयेची काय एक चूक नाय. चेडवाची तर नायच नाय."

"व्हय म्हाराजा."

काकांचा आवाज खाली गेला.

"चूक माझी झाली."

शेजारी क्षणभर अडखळले. दुसऱ्याच्या चुकीला होकार कसा द्यायचा, असं त्यांना झालं असणार. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठा.

"व्हय म्हाराजा."

तेजल. काकांनी वळून बघितलं नाही, पण त्यांचे खांदे खाली आले. शेजाऱ्यांनीही मग सुरात सूर मिसळला. ती पायरी उतरून येऊन वडिलांच्या शेजारी उभी राहिली तेव्हा रडत होती आणि हसतही होती.

"तिचो धंदो बरो चलांदे," काका म्हणाले. "तिची जी काय आजारी माणसां आसत, ती चलती-फिरती होवंदेत."

या वेळी 'व्हय म्हाराजा' माझ्याही तोंडून गेलं. पेशंट चालते व्हावेत, यात मला न पटण्यासारखं काही नव्हतं.

काकांनी गाठ सोडली. चावीला तांदूळ चिकटले होते, बटणांच्या फटीत कुंकू गेलं होतं. मी ती पुसून काकांच्याच हातात दिली आणि म्हटलं, ही घेऊन वर जा आणि गॅलरीत उभे राहा. तेजलने गाडी रिमोटने लॉक केली आणि आपली चावीही त्यांच्याकडेच दिली. ते वर पोचले, गॅलरीतून डोकावले. मी आणि तेजल मीटरकडे बघत होतो. आकडा उतरला. अडला. परत उतरला आणि खाली जाऊन पडून राहिला. मी दाराच्या हँडलचं बटण दाबलं. दार उघडलं नाही.

"झोपली," मी म्हणाले.

"नक्की?" तेजलने विचारलं, आणि आम्ही दोघी उगाचच हळू आवाजात बोलत होतो.

रविवारी गिऱ्हाईक आलं. मी तिथे नव्हते, तेजलने सोमवारी फोन करून सांगितलं. काका सकाळपासून गेटवर खुर्ची टाकून बसले होते. गिऱ्हाइकाला गाडीपर्यंत जाऊच दिलं नाही. चहा पाजला आणि सांगितलं, "गाडी लाभाची आसा. इकूची नाय." माणूस बिचारा कल्याणहून आला होता. हॉस्पिटललाही तिने नाही म्हणून कळवलं. पवईचे काका परत आले नाहीत, ते घर गेलं ते गेलंच. पण भांडुपचं एक नवीन मिळालं.

जीएमनी बोलावून विचारलं, दोष काय होता. मी सांगितलं. ते म्हणाले, कंपनीच्या सिस्टिममध्ये कारण निवडायला यादी आहे, त्यात 'राखण' नाही. मी 'कस्टमर अवेअरनेस' निवडलं. खरं तर अवेअरनेस आम्हालाच आला होता.

आमच्या वर्कशॉपमध्ये आता एक बदल आहे. बॅटरीची तक्रार असेल तर गाडी आहे तशी, सामानासकट एक रात्र उभी ठेवतो आणि मगच रिकामी करतो. आजारी माणसाला आधी आंघोळ घालून, नवे कपडे घालून डॉक्टरपुढे बसवलं तर डॉक्टरला काय कळणार? आणि नव्या गाडीचं कोणी काहीही रडगाणं घेऊन आलं की मी पहिला प्रश्न विचारते, दुसरी चावी कुठे आहे? लोकांना राग येतो. काहींना वाटतं मी त्यांच्या घरातल्या कोणावर तरी संशय घेतेय. काही गप्प होतात आणि घरी फोन लावतात.

परबांची दुसरी चावी आता चौथ्या मजल्यावर त्यांच्या देव्हाऱ्यात असते. नारळ गाडीतच आहे, स्टेपनीच्या खळग्यात, आणि आता तेजलला माहीत आहे. काका रोज सकाळी चावीला हळदकुंकू वाहतात. परवा तेजल सर्व्हिसिंगला आली तेव्हा म्हणाली, त्या चावीची बटणं आता दाबलीच जात नाहीत, आत हळद गेलीय, बदलून मिळेल का.

मी बघितलं. ते वॉरंटीत बसत नाही.